सप्तकोटीश्वराच्या नावाची नाणी

गोव्याच्या कदंब राजांच्या सुवर्णनाण्यांवर राजाच्या नावाआधी देवाचे नाव येते. एका बाजूस सिंह. दुसऱ्या बाजूस नागरी अक्षरांत ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’, म्हणजे सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद ज्यास लाभला तो, आणि मग राजाचे नाव. कुलदेवतेचे नाव धारण करणारी ही नाणी ओळखावी कशी, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

मळमड्डीच्या वाचकांस हे राजे परके नव्हेत. कोंकण-९०० आणि पलसिगे-१२००० हे दोन्ही प्रांत त्यांच्या सत्तेखाली होते. पलसिगे म्हणजे खानापूर तालुक्यातील आजची हलशी. इ. स. १८२४ च्या कित्तूरच्या उठावात कैदेत पडलेला तरुण इंग्रज अधिकारी वॉल्टर एलियट याने याच मुलखात शिलालेखांच्या नकला जमविण्यास आरंभ केला, आणि उतारवयात दक्षिण हिंदुस्थानच्या नाण्यांवर ग्रंथ लिहिला. कदंबांच्या नाण्यांचा अभ्यास करणारास तो ग्रंथ आजही चाळावा लागतो.

परीक्षेचा पहिला मुद्दा लांछनाचा. कदंबांच्या शाखा अनेक होत्या. हानगलच्या शाखेच्या नाण्यांवर मारुती आढळतो, गोव्याच्या शाखेच्या नाण्यांवर सिंह. दुसरा मुद्दा वजनाचा. हे नाणे म्हणजे गद्याण. त्याचे वजन सव्वाचार ग्रॅमच्या आसपास भरते. तिसरा मुद्दा घडणीचा. अस्सल नाणे ठशाखाली ठोकून पाडलेले असते. कडेवर साच्याचा सांधा दिसला, पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसली किंवा अक्षरांच्या कडा मेणासारख्या बोथट वाटल्या, तर ते नाणे ओतीव, म्हणून संशयास्पद समजावे.

खरी अडचण चौथ्या मुद्द्याची, म्हणजे काळाची आहे. यांतील पुष्कळ नाण्यांवर शक नसतो, केवळ संवत्सराचे नाव असते. आणि संवत्सरांचे चक्र साठ वर्षांनी फिरून येते. जयकेशी नावाचे राजे तीन झाले. दुसऱ्या जयकेशीची कारकीर्द इ. स. ११४७ च्या सुमारास संपली, तिसरा इ. स. ११८७ च्या सुमारास गादीवर आला. आता उदाहरणादाखल कीलक संवत्सर घेऊ. तो इ. स. ११२८ मध्ये येतो, आणि ११८८ मध्येही. तेव्हा नुसते ‘जयकेशी’ आणि नुसते ‘कीलक’ एवढ्या पुराव्यावर निकाल देता येत नाही. बिरुदे, अक्षरांचे वळण आणि सिंहाचा ठसा ही त्या त्या राजाच्या शिलालेखांशी व इतर नाण्यांशी ताडून पाहावी लागतात. विक्रेत्याने सांगितलेला काळ हा पुरावा नव्हे. ते केवळ एका पक्षकाराचे म्हणणे होय.

याच्या उलट उदाहरण त्याच देवाच्या दारी आहे. दिवाडी बेटावरील सप्तकोटीश्वराचे देवालय सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात पाडले गेले, व लिंग नदीपलीकडे डिचोली महालातील नार्वे येथे नेण्यात आले. तेथील देवालयाच्या कामास शिवछत्रपतींच्या आज्ञेने आरंभ झाला. तेथल्या शिलालेखात शके १५९० आणि कीलक संवत्सर असे दोन्ही दिले आहे; म्हणून १३ नोव्हेंबर १६६८ हा दिवस निश्चित सांगता येतो.

दिवाडीचे मूळ देवालय आज उभे नाही. त्या देवावरील राजांची निष्ठा त्यांच्याच शब्दांत सांगणारी जी थोडी साधने उरली, त्यांत ही नाणी आहेत. म्हणून कोणाच्या घरी असे नाणे असल्यास ते चिंचेने वा राखेने घासू नये, त्यास कडी लावून दागिना करू नये आणि सोनाराच्या मुशीत तर घालूच नये. दोन्ही बाजूंचे छायाचित्र व नेमके वजन जाणत्यास दाखवावे. भूमीत सापडलेल्या निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे तर १८७८ च्या कायद्यापासून बंधनकारक झाले आहे. नाणे वितळले तरी सोन्याचा भाव मिळेल. परंतु त्यावरील देवाचे, राजाचे आणि संवत्सराचे नाव पुन्हा मिळणार नाही.