रांगोळी, वाकळ आणि परसबाग

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी 'गृहिणींचे छंद' या विषयावर काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु चित्र काढणे, हाताने शिवणे आणि झाडे लावणे या तिन्ही गोष्टींची मला लहानपणापासून हौस आहे, आणि ही हौस आपल्या घरांत आली कोठून, हे जाणून घेण्याची त्याहून अधिक! वाचनालयातील पुस्तके चाळली, वडीलधाऱ्या बायकांना विचारले, आणि जे हाती लागले ते येथे मांडते आहे.

छंद म्हटले की पुष्कळांना वाटते, काम उरकल्यावर वेळ घालविण्याचे ते एक साधन. पूर्वी मात्र तसे मानीत नसत. वात्स्यायनाने चौसष्ट कलांची जी यादी दिली आहे तिच्यात आलेख्य, म्हणजे चित्र काढणे आहे. सुईने शिवण्या-विणण्याचे काम आहे. आणि झाडे जोपासण्याची विद्या, वृक्षायुर्वेद, तीही आहे. इतकेच नव्हे, तर तांदूळ आणि फुले यांच्या आकृती मांडणे हीसुद्धा वेगळी कला म्हणून तेथे मोजली आहे. घरधनिणीने परसात कोणत्या भाज्या आणि फुलझाडे लावावीत, हेही त्या ग्रंथात सांगितलेले आहे. म्हणजे आपण जे रोज सकाळी उंबऱ्यापाशी आणि मोरीमागे करतो, त्याची नोंद दीड हजार वर्षांपूर्वीच्या पोथीत सापडते. मात्र कलांच्या त्या यादीत कोणा एका बाईचे नाव नाही. या लेखात हे दुखणे पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

प्रथम रांगोळी घेऊ. देशावर शिरगोळ्याचा दगड कुटून, चाळून पांढरी पूड करीत. कोकणात भाताचे तूस जाळून त्याची राख वापरीत. सणाच्या दिवशी आपण ठिपके देतो, पण खरा कस लागतो तो चैत्रांगणाला. गौरी झोपाळ्यावर बसली की चैत्र महिनाभर अंगणात ते काढावयाचे: देव्हाऱ्यातली गौर, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मे, तुळशीवृंदावन, कासव, हत्ती, नाग, सूर्य, चंद्र. माझी आई हे सारे चिमटीने, एकदाही न पुसता काढीत असे. ती चित्रकलेच्या वर्गाला कधी गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सडा पडला की चित्र गेले! पुन्हा नवे. आजकाल दारात चिकटवायच्या तयार रांगोळ्या मिळतात. त्या पुसल्या जात नाहीत हाच त्यांचा गुण सांगतात. मला तोच त्यांचा दोष वाटतो.

लग्न होऊन मी साताऱ्याकडून डहाणूला आले आणि येथे मला भिंतीवरची रांगोळीच पाहावयास मिळाली. एका वारली पाड्यावर लग्नाला बोलावणे होते. कारवीच्या कुडाची भिंत शेणाने सारवून, वर गेरू देऊन, त्यावर सुवासिनी तांदळाच्या पिठाच्या पाण्याने चौक लिहीत होत्या. 'काढणे' नव्हे, 'लिहिणे' हा त्यांचाच शब्द. हातात कुंचला नाही. बांबूची काडी टोकाला चावून मऊ केलेली. चौकात मधोमध पालघाट देवी, भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी आणि काठाला नक्षीच्या एकामागून एक पट्ट्या. हा चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे ही चित्रे मुळात सुवासिनींच्या हातची, आणि शोभेसाठी नव्हे, लग्न सिद्धीस जाण्यासाठी.

१९७०च्या सुमारास भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या मंडळींनी या पाड्यांवर कागद आणि रंग आणून दिले, आणि ही कला भिंतीवरून कागदावर आली. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. त्यांचा अभिमान आम्हां डहाणूकरांना फार आहे, आणि असावाच. पण त्यांच्या आधी कित्येक पिढ्या ज्या बायकांनी चौक लिहिले, त्यांपैकी किती जणींची नावे आपण सांगू शकू? भिंत दरवर्षी सारवली जाते आणि चित्राबरोबर लिहिणारीही विसरली जाते.

रंग आणि सुई यांची गाठ आपल्याकडे एका गमतीदार ठिकाणी पडली आहे. १८९४ साली राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघर गेल्या. मग घरातल्या हौशी बायकांनी काय करावे? लक्ष्मीच्या छापील लुगड्यावर खरे रेशमी कापड बसविले, काठाला जर लावली, गळ्यात मणी ओवले, मुकुटावर टिकल्या जडविल्या आणि मग तसबीर काचेत घातली. अशी सजविलेली चित्रे आता संग्राहक जपून ठेवतात. रविवर्म्याचे नाव तसबिरीखाली छापलेले असते. जर लावणारीचे नसते.

आता सुईचे सांगते, कारण हा माझा खरा जीव. आमच्या माहेरी गोधडीला वाकळ म्हणतात. जुने, विरलेले नऊवारी लुगडे वाया जाऊ द्यावयाचे नाही. त्याचे दोन-तीन पदर एकावर एक अंथरायचे, जमिनीवर ताणून कडा दुमडायच्या, आणि बाहेरच्या कडेपासून धावदोऱ्याने आत आत, चौकटीत चौकट करीत मध्यापर्यंत जावयाचे. फाटले तेथे ठिगळ. आणि ठिगळ लावायचेच तर रंग पाहून लावायचे. कलेचा जन्म तेथे होतो! बापाचे धोतर, आईचे लुगडे, मुलीचे परकर असे सारे घर एका वाकळीत अंथरलेले असते. शेजारणी चारी बाजूंनी बसून टाके घालीत, आणि प्रत्येकीचा टाका ओळखू येई. बाळंतविड्यातील कुंची, झबले, दुपटे हीही याच सुईची लेकरे. लग्नातले रुखवत म्हणजे मुळात वराकडे पाठवायचा फराळ. त्याच्या शेजारी मुलीच्या हातचे भरतकाम आणि मण्यांचे काम मांडण्याची रीत पडली, आणि हळूहळू फराळ मागे सरून कलाकुसरच पुढे आली. अलीकडे रुखवत भाड्यानेही मिळते म्हणे. असो.

याच सुईने कित्येकींचे पोटही भरले आहे, हे विसरता कामा नये. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले. तेथे लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणकामही शिकवीत, कारण विधवा आणि निराधार बायकांना स्वतःच्या पायांवर उभे करावयाचे होते. ज्यांना घरात बसून 'काहीतरी शिवीत असते' असे म्हटले जाई, त्यांच्याच हाती त्या शिवणाचे पैसे येऊ लागले. आपल्या मंडळातही शिवणवर्गाच्या जोरावर मुलांच्या फिया भरणाऱ्या भगिनी आहेत. त्यांना कोणी 'छान छंद आहे हो तुमचा' म्हणाले की मला राग येतो.

परसबागेचा इतिहास वाचताना मात्र मी थक्क झाले. दसऱ्याचे तोरण ज्याच्याशिवाय होत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा! तेथेही लोक नोव्हेंबरच्या आरंभी आपल्या मृत आप्तांसाठी झेंडूची आरास करतात. गजऱ्यातला निशिगंध तिकडचाच. संध्याकाळी फुलणारी गुलबक्षी, पेरू, पपई, सीताफळ, आपली रोजची मिरची, ही सारी अमेरिका खंडातून आलेली. आमच्या भागाचा चिकूही तिकडचाच, आणि २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. सदाफुली आली मादागास्करहून. तिच्यापासून कर्करोगावरची औषधे निघाली. यांतील पुष्कळशी झाडे पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्याच्या वाटेने आली, हे पुस्तकात आहे. पण गोव्याच्या धक्क्यावरून माझ्या मोरीपर्यंत ती कशी आली, हे पुस्तकात नाही. मी सांगते: पदरात बांधलेले बी आणि हळदीकुंकवाला जाताना मागून आणलेली फांदी! मोरीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ, दारात तुळस, कुंपणाला जास्वंद, कोपऱ्यात गवती चहा आणि ओवा. घरचे एक थेंब पाणी आणि एक साल वाया गेली नाही. आज सदनिकांत राहणाऱ्या आपल्या भगिनी तेलाच्या डब्यात कढीलिंब वाढवितात, तीही तीच विद्या.

गेल्या पावसाळ्यात मी वहीत लिहावयास घेतले, परसातले कोणते झाड कोणाकडून आले ते. अबोली पलीकडच्या आळीतल्या वहिनींची, मोगरा सासूबाईंच्या माहेरचा, ओवा मासळी घेऊन येणाऱ्या मावशीने दिलेला. अठरा झाडांपैकी तेरांची नावे लागली. पाचांची लावणारी आता कोणालाच आठवत नाही.

यंदाच्या प्रदर्शनात प्रत्येक वस्तूखाली करणारीचे नाव आणि साल लिहावयाचे, असे मी कार्यकारिणीत सुचविले आणि ते मान्य झाले. वस्तू करणारी हयात नसली तरी लिहावयाचे. मी माझ्या आजीची वाकळ मांडणार आहे. तिला साऱ्या गावाने जन्मभर 'आक्का' म्हटले, म्हणून तिचे नाव आईला फोन करून विचारले. सासरचे नाव आईने लगेच सांगितले. माहेरचे आठवायला तिला दोन दिवस लागले. दोन्ही नावे मी पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर लाल दोऱ्याने भरून वाकळीच्या मागच्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात टाचली आहेत. साल आईला नक्की सांगता येईना. पण त्या वाकळीत तिच्या स्वतःच्या शाळेच्या परकराचा निळा तुकडा आहे, त्यावरून आम्ही मायलेकी हिशेब करीत आहोत.