मांजराची नखे आणि घरातील फर्निचर

मांजर पाळलेल्या घरात सोफ्याच्या उसवलेल्या कडा आणि लाकडावरील ओरखडे हे दृश्य नवे नाही. नुकसानीच्या रागातून मांजराला मारणे, कोंडणे, प्रसंगी दूर नेऊन सोडून देणे असे प्रकारही घडतात. वास्तविक नखे घासणे ही खोडी नसून मांजराचा शरीरधर्म आहे. तो बंद करता येत नाही. त्याला योग्य जागा मात्र देता येते.

मांजर नखे का घासते?
मांजराच्या पुढील प्रत्येक पायाला ५ आणि मागील प्रत्येक पायाला ४, अशी साधारणतः एकूण १८ नखे असतात. नखावरील जुने आवरण निघून जावे आणि अंगही ताणले जावे, यासाठी ते खरखरीत पृष्ठभागावर नखे ओढते. पंजांतील गंधग्रंथींमुळे तेथे वास राहतो. ओरखडे आणि वास मिळून आपल्या हद्दीची खूण तयार होते. म्हणूनच मांजर पुन्हा पुन्हा त्याच जागेकडे वळते.

पर्यायी खांब
सुमारे तीन फूट उंचीच्या लाकडी खांबावर काथ्याचा दोर किंवा जाड सुतळी घट्ट गुंडाळावी. खांबाचा पाया रुंद व जड असावा. एकदा डगमगलेल्या खांबाकडे मांजर सहसा फिरकत नाही. काही मांजरांना आडवा पृष्ठभाग आवडतो. त्यांच्यासाठी काथ्याचे पायपुसणे किंवा पुठ्ठा पुरेसा होतो. खांब कोपऱ्यात न ठेवता ओरबाडल्या जाणाऱ्या सोफ्यालगत किंवा मांजराच्या झोपण्याच्या जागेजवळ ठेवावा. तेथे नखे घासल्यावर लगेच खाऊ द्यावा. सवय जडल्यानंतर खांब थोडा थोडा सरकवता येतो.

फर्निचरचे रक्षण
दरम्यान सोफ्याच्या कडांवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप किंवा जाड प्लास्टिक लावावे. नवे कापड निवडताना सैल विणीऐवजी घट्ट विणीचे घ्यावे. दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची केवळ टोके कापावीत. नखातील गुलाबी भागात रक्तवाहिनी असते, तेथे कात्री लागू देऊ नये.

हे टाळावे
मांजराला दूर ठेवण्यासाठी डांबराच्या गोळ्या किंवा फिनाईल वापरू नये. असे पदार्थ पचवून शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता कमी असल्याने विषबाधा होऊ शकते. ओरडणे, मारणे वा पाणी फवारणे यांनी मांजर केवळ भित्रे होते आणि माणसे नसताना तेच करते.

नखे कायमची काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेत प्रत्येक बोटाचे शेवटचे हाडच कापले जाते. अनेक युरोपीय देशांत तिला बंदी आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये ती लागू केली. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार प्राण्याचा अवयव छाटणे, तसेच उपासमार होईल अशा स्थितीत त्याला विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. काथ्याच्या एका खांबाने जो प्रश्न सुटू शकतो, त्यासाठी मुक्या जिवाला घराबाहेर काढण्याची वेळ येऊ नये.