ओडिन

ओडिन : स्कँडिनेव्हियात ख्रिस्ती धर्म रुजण्यापूर्वी पुजला जाणारा ज्ञान, युद्ध, काव्य व मृत्यू यांचा देव आणि ‘एसीर’ या देवकुळाचा प्रमुख. उन्माद आणि काव्यस्फूर्ती असे दोन्ही अर्थ असलेल्या ‘ओद्र’ या शब्दाशी त्याचे नाव जोडलेले असून, ज्ञान आणि युद्ध ही दोन खाती एकाच देवाकडे कशी, याचे निम्मे उत्तर त्या शब्दातच मिळते. त्याच्या कथा मुख्यतः आइसलँडमध्ये आणि त्याही तेथील धर्मांतरानंतर (सु. १०००) दोन-अडीच शतकांनी लेखनबद्ध झाल्या : स्नोरी स्टुर्लुसनचा ‘एडा’ हा ग्रंथ सुमारे १२२० चा, तर ‘कोडेक्स रेगियस’ हे प्राचीन काव्यांचे चर्मपत्री हस्तलिखित सुमारे १२७० चे आहे.

ओडिनने ज्ञान मिळवले ते देह पणाला लावून. मिमिरच्या ज्ञानदायी विहिरीतील एका घोटासाठी त्याने आपला डोळा तिच्यात गहाण टाकला, आणि रून, म्हणजे लाकडा-दगडावर कोरली जाणारी व मंत्रशक्ती असलेली मानली जाणारी अक्षरे, हस्तगत व्हावीत म्हणून भाल्याची जखम घेऊन अन्नपाण्यावाचून नऊ रात्री झाडाला लटकून राहिला. हूगिन (विचार) आणि मूनिन (स्मृती) हे त्याचे दोन डोमकावळे रोज जगभर फिरून येतात. हूगिन परतेल की नाही याची त्याला धास्ती असतेच, पण मूनिनची अधिक.

युद्धदेव असला तरी थोर या बलाढ्य देवासारखे अंगबळ गाजवणे हे त्याचे काम नव्हे. जय कोणाचा हे तो ठरवतो आणि आवडत्या वीरालाही ऐन वेळी दगा देतो : सिगमुंड राजाच्या हाती तलवार आली ती ओडिनमुळे, आणि पुढे भर रणात आपला भाला आडवा धरून तिचे दोन तुकडे करवले तेही त्यानेच. रॅग्नारोक या अंतिम युद्धासाठी त्याला निवडक मृत वीर आपल्या वालहल्ला या सभागृहात हवे असतात. वालहल्लाची दारे ५४० आणि प्रत्येकातून निघणारे वीर ८००, म्हणजे एकूण ४,३२,०००. कलियुगाची वर्षेही तेवढीच, परंतु जुन्या नॉर्स भाषेत ‘शंभर’ म्हणजे पुष्कळदा १२० असल्याने या जुळणीवर फार भिस्त ठेवू नये. त्या युद्धात फेनरिर हा लांडगा आपल्याला गिळणार, हे ओडिनला एका भविष्यवेत्त्या स्त्रीकडून आधीच कळलेले असते, तरीही वीरांची जमवाजमव चालूच राहते.

रोमन लोकांनी त्याच्या वोडन या जर्मानिक रूपाला मर्क्युरी, म्हणजे बुध ग्रह ज्याच्या नावाचा तो देव, मानले. त्यामुळे लॅटिनमधील बुधाचा वार इंग्रजीत वोडनचा वार, अर्थात ‘वेन्सडे’, झाला. मराठीतील बुधवारही त्याच ग्रहाचा.