धाकटा पंप, थोरला पंप

डिझेल इंजिन म्हटले की रुडॉल्फ डिझेलचे नाव निघते. १८९७ साली त्याचे इंजिन यशस्वी झाले. पण इंधन दाबाच्या हवेने आत फुंकावे लागे. मोटारीला सोसेल असा इंजेक्शन पंप बॉशच्या कारखान्यात १९२७ पासून मोठ्या संख्येने बनू लागला. त्याला टाकीतून तेल आणून देणारा धाकटा गडी म्हणजे लिफ्ट पंप. त्याची आठवण कोण ठेवतो?

अमेरिकेतल्या डॉज पिकअपचेच पाहा ना! १९८९ साली तीत कमिन्सचे डिझेल इंजिन आले. लिफ्ट पंप कॅमशाफ्टवर चाले. १९९८ साली इंजिन नवे आले, पंप विजेचा झाला. मात्र तो बसवला इंजिनाच्या कुशीला, टाकीपासून दूर. तेल ओढता ओढता तो थके. गंमत अशी, की तो थकला तरी गाडी चालतच राही. थोरला पंप स्वतःच तेल ओढू पाही. पण थोरल्याचे वंगण डिझेल, गारवाही डिझेलच! ते कमी पडले की तो तापे, झिजे आणि भुर्दंड मोठा बसे. जाणते मालक मग दाबमापक बसवू लागले. काटा उतरला की लिफ्ट पंप बदलू लागले.

तेव्हा वाचकहो, गाडी चालते आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. आधी धाकट्याची विचारपूस करा.