हरणाची पंगत
आमचे आबाजी मोठे शिकारी होते, असे आबाजीच सांगत. अकोल्याकडच्या आमच्या गावी हरीण पडले की आजी बजावायची, "माह्या चुलीवर नाही हं!" मग गोठ्यामागे तीन दगड मांडून भाजी शिजायची. मसाल्याचे वाटण मात्र आजीच गुपचूप पाठवायची.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७४ मध्ये मेळघाटात व्याघ्रप्रकल्प झाला. आबाजींची बंदूक खुंटीला लागली. पुढे कारंजा-सोहोळला तर खास काळविटांसाठी अभयारण्य झाले.

आता हरणांचे कळप आमचा हरभरा फस्त करतात अन् आम्ही रात्रभर डबे बडवतो. आजी असती तर म्हणाली असती, "खाऊ दे नं बापा, तुह्या आबाजीनं का कमी खाल्ले?"