दालनातली सीमा : आंतरराष्ट्रीय रेल्वे आणि प्रवासकथेचे स्थळ

भीष्म साहनी यांच्या ‘अमृतसर आ गया है’ या कथेत सीमा डब्यात बसूनच ओलांडली जाते. अमृतसर जवळ येते तसतशी डब्यातील बळाची मांडणी उलटते. खुशवंतसिंगांच्या ‘ट्रेन टू पाकिस्तान’ (१९५६) मध्येही सीमेची जाणीव येते ती रुळांवरून. फाळणीच्या साहित्याचा तौलनिक विचार करताना सीमा ही प्रवासाच्या मध्ये येणारी गोष्ट आहे, हे आपण गृहीतच धरतो. हे गृहीत आता तपासून पाहावे लागेल. गेल्या तीन दशकांत काही महत्त्वाच्या मार्गांवर सीमा रुळांवरून उठून प्रस्थानाच्या स्थानकात आली आहे, आणि गाडीत किती माणसे बसतील हे तिथले तपासणीचे दालन ठरवू लागले आहे.

जुनी व्यवस्था मराठी वाचकाला अपरिचित नाही. पोर्तुगीज अमदानीत मुरगावच्या मार्गावर घाटमाथ्याला कॅसलरॉक आणि पायथ्याशी कुळे अशा दोन राज्यांच्या दोन चौक्या होत्या. गाडी थांबे, सामान उघडले जाई.

नव्या व्यवस्थेचा ठळक नमुना म्हणजे इंग्लिश खाडीखालील बोगदा. १९९४ मध्ये युरोस्टार सुरू झाली तेव्हा ब्रिटन शेंगेन क्षेत्राबाहेर होते. १९९१ चा सांगात येथील करार आणि २०००चा पूरक करार यांमुळे फ्रेंच अधिकारी लंडनमध्ये आणि ब्रिटिश अधिकारी पॅरिसमध्ये, दुसऱ्याच्या भूमीवर बसून, पारपत्रे तपासू लागले. बोगद्याच्या सुरक्षेसाठी सामानाची क्ष-किरण तपासणी होतीच. या साऱ्याला जागा लागते, आणि जागा हीच जुन्या शहरी स्थानकांपाशी नसते.

अ‍ॅम्स्टरडॅमचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. एप्रिल २०१८ मध्ये लंडनहून तेथे थेट गाडी सुरू झाली. परतीच्या प्रवाशाला मात्र ब्रुसेल्सला उतरून तपासणी करून घ्यावी लागे. जाणे एकसंध, येणे तुटक, अशी ही विषम वाट ऑक्टोबर २०२० पर्यंत टिकली. जून २०२४ मध्ये स्थानकाच्या पुनर्बांधणीसाठी थेट परती पुन्हा थांबली, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये मोठ्या दालनासह सुरू झाली. दरम्यान ब्रेक्झिटमुळे २०२१ पासून ब्रिटिश पारपत्रांवर शिक्के मारणे आले, रांगा लांबल्या. २०२३च्या आरंभी कंपनीनेच सांगितले, की सुमारे ९०० आसनांच्या काही गाड्यांत साडेतीनशे जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात. मागणी होती, गाडी होती. दालन पुरत नव्हते. अ‍ॅशफर्ड आणि एब्सफ्लीट या मधल्या स्थानकांवरचे थांबे २०२० मध्ये बंद झाले ते अद्याप सुरू झालेले नाहीत. मधल्या गावाला सीमा परवडत नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

बंगालमध्ये हेच स्थलांतर उलट्या हेतूने, म्हणजे प्रवाशाच्या सोयीसाठी, झाले. १९६५ च्या युद्धाने तुटलेला कोलकाता–ढाका मार्ग १४ एप्रिल २००८ रोजी मैत्री एक्स्प्रेसने जोडला गेला. गेदे आणि दर्शना येथे सारा डबा सामानासह खाली उतरे. म्हातारीकोतारी माणसे बोचकी उचलून रांगेत उभी राहत, आणि प्रवासाचे कित्येक तास त्यातच जात. नोव्हेंबर २०१७ पासून ही तपासणी कोलकाता आणि ढाका कँटोनमेंट या टोकाच्या स्थानकांत नेण्यात आली. वेळ वाचला हे खरेच. पण गेदे आणि दर्शना आता खिडकीतून निघून जाणारी नावे झाली. अनोळखी माणसे एकमेकांची बोचकी सांभाळीत, कुणाचे कोण पलीकडे राहते हे सांगत, तो रिकामा वेळ कथेच्या फार कामाचा होता.

अर्थात या हळहळीला मर्यादा आहे. तो रिकामा वेळ प्रवाशाने मागितलेला नव्हता, आणि दालनातही माणसे बोलतातच. फरक असा, की गेदेला बोलणारे निघून चुकलेले असत. दालनात बोलणाऱ्यांपैकी कोण निघेल हे ठरायचे असते. ज्यांना तिकीटच मिळाले नाही ते तर तेथेही नसतात. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशातील अशांततेत मैत्री एक्स्प्रेस थांबली.