तान कुठाय ह्याची?

साल 1938. भोर संस्थान अजून नांदतं आहे, गादीवर रघुनाथराव पंतसचिव आहेत. नागेश्वराला हात जोडून तुम्ही आंबवड्यातल्या एका घराच्या ओसरीवर टेकता. फोनोला चावी देऊन झालीय. बोथट सुई काढून नवी बसवली जाते आणि एचएमव्हीची, कुत्र्याच्या चित्राची तबकडी फिरू लागते. आधी नुसती खरखर, मग जी. एन. जोशींचा आवाज.

गाणं ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’. कवी आणि गायक, दोघंही वकिलीचं शिकलेले. तबकडी काही वर्षांपूर्वीची.

“तान कुठाय ह्याची?” शेजारचे आजोबा कुरकुरतात. त्यांच्या कानात बालगंधर्व आहेत.

पुन्हा लावायला सांगा. आजोबांचं निम्मं खरं आहे. आवाजाला वजन नाही. साधी ओळ साधी सोडायचा धीर होत नाही, शेवटी नाटकातली हरकत डोकावतेच. पण शब्द बघा, अक्षर न् अक्षर कळतं. कर्ण्यात ओरडून गायचे दिवस सरलेत. मायक्रोफोन आलाय, त्यामुळे हळू म्हटलेलंही पोचतं. तिकडं अमेरिकेत बिंग क्रॉस्बीनं हेच हेरलंय.

आता उडी मारा. 28 डिसेंबर 1976, मँचेस्टरचा इंडिगो स्टुडिओ. बझकॉक्स नावाच्या पोरांनी पाचशे पौंड उसने आणलेत. काही तासांत चार गाणी उरकतात. ‘बोअरडम’मध्ये गिटारचा सोलो दोनच सुरांचा, तेच ते घासलेले. आजोबा इथं असते तर उठून गेले असते. पण ‘स्पायरल स्क्रॅच’ या तबकडीच्या वेष्टनावर कुठलं गाणं कितव्या टेकचं तेही छापतील. म्हणजे बघा, एवढंच लागतं.

सफाईचे गुण द्याल तर दोन्ही तबकड्या काठावर पास. पण ‘शीळ’ ऐकून ज्याला गळा नाही तोही गुणगुणू लागला, आणि ‘स्पायरल स्क्रॅच’ ऐकून पोरांनी आपापल्या रेकॉर्ड कंपन्या काढल्या. हौशी माणसाच्या पहिल्या तबकडीची परीक्षा इथंच होते.

पुढं वाटा फुटल्या. जोशी एचएमव्हीतच अधिकारी झाले; भावगीत घोटीव झालं, मग गुळगुळीतही. बझकॉक्सनी ‘न्यू हार्मोन्स’ ही स्वतःची कंपनी काढली, पण तबकडी निघते न निघते तोच गायक हॉवर्ड डेव्होटो बँड सोडून गेला. पहिल्या खेपेचं ते धीट कच्चेपण पुढं कुणालाच टिकवता आलं नाही.